नस्तीबद्ध शेवट

मध्य प्रदेशच्या शासकीय हिंदीत 'नस्तीबद्ध' असा एक शब्द आहे. नस्ती म्हणजे फाइल. एखाद्या प्रकरणात यापुढे करण्यासारखे काही उरलेले नाही असे संबंधित अधिकाऱ्यास वाटले, की तो टिपणीच्या तळाशी 'प्रकरण नस्तीबद्ध किया जाए' असे लिहितो, तारखेसह सही करतो आणि नस्ती अभिलेख-कक्षात रवाना होते. ३९ वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. चित्रपटाच्या शेवटाविषयी लिहावयास बसलो असता हाच शब्द आधी आठवावा, हा कदाचित सवयीचा दोष असेल. पण पुढील विवेचनात तो मला पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे, म्हणून आरंभीच नोंदवून ठेवतो.

डिसेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या वायुकांडाला ४० वर्षे झाली. त्या निमित्ताने आमच्या मंडळात या घटनेवरील चित्रपटांची चर्चा ठेवली होती. महेश मथाई यांचा 'भोपाल एक्सप्रेस' (१९९९), रवी कुमार यांचा 'भोपाल : अ प्रेयर फॉर रेन' (२०१४) आणि शिव रवैल यांची चार भागांची मालिका 'द रेल्वे मेन' (२०२३) ही तीन नावे प्रामुख्याने समोर होती. एरवी आमच्या कार्यक्रमांना पांढरे केसच जास्त दिसतात. त्या दिवशी मात्र तरुण मंडळी बऱ्याच संख्येने आली. त्यांना ही मालिका जवळजवळ पाठ होती. कोणत्या प्रसंगी कोण काय बोलतो, कोणता डबा कोणत्या फलाटावर थांबतो, हे सारे ते हिरिरीने सांगत होते. चित्रपटावर इतके जीव टाकून प्रेम करणारी माणसे पाहिली की मला आनंद होतो. समीक्षकाने रसिकाला कमी लेखू नये, कारण बरेचदा रसिकाने चित्रपट अधिक वेळा पाहिलेला असतो.

चर्चेतील एका तरुणाने एक निरीक्षण मांडले आणि ते माझ्या मनात घर करून राहिले. के. के. मेनन हा नट 'भोपाल एक्सप्रेस'मध्ये आहे आणि 'द रेल्वे मेन'मध्येही. पहिल्यात तो कारखान्यात काम करणारा, नवे लग्न झालेला वर्मा आहे. दुसऱ्यात तो स्टेशनमास्तर आहे. मध्ये २४ वर्षे गेली. नट प्रौढ झाला, चेहऱ्यावर रेषा आल्या, आवाजाला वजन आले. पण पडद्यावर रात्र तीच, २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली. त्या तरुणाचा मुद्दा अभिनयाच्या परिपक्वतेविषयी होता. मला त्यात निराळेच दिसले. नटाला वय वाढवण्याची मुभा मिळाली. ज्या शहराची ही कथा, त्या शहराला मिळाली नाही. २४ वर्षांनी चित्रसृष्टी भोपाळला परत आली ती पुन्हा त्याच रात्री, त्याच टाकीपाशी, त्याच स्टेशनावर.

याला कारण आहे, आणि ते मी नाकारीत नाही. त्या रात्रीला नाट्य आहे. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरते, मिथिल आयसोसायनेट तापते, दाब वाढतो, सुमारे ४० टन विष थंडीच्या हवेत मिसळून जमिनीलगत झोपडपट्ट्यांवर पसरते. झोपलेली माणसे खोकत उठतात. कोणी मिरच्या जाळल्या असे त्यांना वाटते. दिग्दर्शकाला याहून अधिक काय हवे? घड्याळ आहे, धोका आहे, धाव आहे, त्याग आहे. याउलट त्यानंतरच्या ४० वर्षांत काय आहे? जिना आहे. दवाखान्याची रांग आहे. झेरॉक्सच्या प्रती आहेत. रात्री तीन वाजता उठून खिडकीपाशी बसणे आहे. यांपैकी एकाही गोष्टीला घड्याळ लावता येत नाही.

तरीही मालिकेच्या बाबतीत माझी एक तक्रार आहे आणि ती तिच्या गुणांविषयी पूर्ण आदर बाळगूनच करतो. तिच्यातील स्टेशनमास्तरची व्यक्तिरेखा ज्यांच्यावरून सुचली असे मानले जाते, ते भोपाळ स्थानकाचे उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर. फलाटावर उभी असलेली गाडी त्यांनी त्या रात्री वेळेआधी सोडली, आजूबाजूच्या स्थानकांना निरोप धाडले, फलाट सोडून ते गेले नाहीत. त्यांचा एक मुलगा त्याच रात्री दगावला. हे सर्व चित्रणयोग्यच आहे. पण दस्तगीर त्या रात्री मरण पावले नाहीत. वायूने पोळलेला घसा आणि छाती घेऊन ते पुढे सुमारे १९ वर्षे जगले आणि २००३ मध्ये वारले. त्यांतील बराच काळ दवाखान्यांत गेला. एका रात्रीला चार भाग मिळाले. १९ वर्षांना किती मिळावेत, हे मी दिग्दर्शकाला सांगू इच्छीत नाही. परंतु शून्य हे उत्तर मला पटत नाही.

यावर चर्चेत जो प्रतिवाद झाला तो विचारात घेण्यासारखा होता. एक मुलगी म्हणाली, 'काका, चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे. कुठेतरी थांबावेच लागते. शिवाय शेवटी माहिती देतातच की!' सत्यघटनेवरील चित्रपटांच्या अखेरीस काळ्या पडद्यावर जी पांढरी अक्षरे येतात, त्यांच्याविषयी ती बोलत होती. इतके मेले, इतके जायबंदी झाले, इतकी भरपाई, इतक्या वर्षांनी निकाल. ही पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की ती अक्षरे नसली तर प्रेक्षकाला चुकल्यासारखे वाटते. माझ्या मते ती अक्षरे म्हणजेच आमची टिपणी होय. संगीत मंद होते, मजकूर येतो, सही होते, प्रकरण नस्तीबद्ध. प्रेक्षक खुर्चीवरून उठतो तेव्हा त्याच्या मनात दुःख असते, पण काही राहून गेल्याची रुखरुख नसते. आकड्यांनी ती मिटवलेली असते.

त्या मुलीला मी हे सांगत होतो तोच मागच्या रांगेतून एक बाई बोलल्या. त्या छोला भागातील एका शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्या रात्री त्या २२ वर्षांच्या होत्या. आमच्या मंडळाच्या जुन्या सभासद. तरी त्या गॅसग्रस्त आहेत हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते, कारण त्या कधी तो विषय काढीत नसत. त्यांना चित्रपट आवडला होता. रडूही आले, म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, 'पण यात कोणी बरं होताना का दाखवत नाहीत? एक तर मरतात, नाही तर वाचतात. वाचले की लगेच धावायला लागतात.' सभेत हशा पिकला. त्या हसल्या नाहीत. 'मला पहिल्यांदा एका दमात पूर्ण फळाभर लिहिता आलं, त्याला दोन वर्षं लागली. मुलांना वाटायचं बाई विचार करतायत, म्हणून मध्येच थांबतात.'

त्या दिवसाच्या चर्चेतील सर्वांत मोलाचे समीक्षात्मक विधान हेच, असे मी मानतो. 'मरणे' आणि 'वाचणे' या दोनच क्रियापदांवर आपले चित्रपट चालतात. 'बरे होणे' हे क्रियापद त्यांच्या व्याकरणात नाही. आणि बरे होणे म्हणजे पूर्ववत होणे असेही नव्हे. ज्या बाईंना फळ्यापाशी मध्येच थांबावे लागे, त्यांनी त्या थांबण्याला विचारमग्नतेचे रूप दिले, ते पुढे शिकवण्याच्या शैलीत मुरले, आणि विद्यार्थ्यांत त्या 'शांतपणे शिकवणाऱ्या' म्हणून नावाजल्या गेल्या. यात पराभव किती आणि कर्तृत्व किती हे वेगळे काढता येत नाही. चांगल्या पटकथाकाराला याहून उत्तम द्रव्य ते कोणते मिळावे?

आता माझ्याविषयी थोडे, कारण ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५६ साली नागपूरचे सचिवालय भोपाळला आले त्या लोंढ्यात माझे वडील येथे आले. आम्ही तात्या टोपे नगरात राहत होतो. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग पुढे शासनाने वायुग्रस्त ठरवले. आमचा त्यात नव्हता. ३ डिसेंबरच्या सकाळी जुन्या शहराकडून एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून चालत येणारी माणसे मी रस्त्यावर पाहिली. त्यापलीकडे त्या रात्रीशी माझा संबंध नाही. संबंध आला तो नंतर, कागदांच्या द्वारे. नव्वदीच्या दशकात काही काळ मी एका कार्यालयात प्रतिनियुक्तीवर होतो. तेथे दाव्यांच्या कागदपत्रांची छाननी चाले. बहुसंख्य दावेदारांच्या नावापुढे 'तात्पुरती इजा' हा शेरा असे. ज्याच्याजवळ पहिल्या दिवसांतील दवाखान्याची चिठ्ठी आहे त्याला इजा; ज्याची चिठ्ठी पळापळीत हरवली त्याची इजा सिद्ध होणे कठीण. इजा तात्पुरती म्हणजे किती काळाची, असे विचारण्याची सोय त्या छापील नमुन्यात नव्हती आणि मी ती विचारलीही नाही.

आमच्याच विभागात एक कनिष्ठ लिपिक होता. राहणारा जुन्या शहरातला. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. तो रोज दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून वर्तमानपत्र वाचीत असे. मी त्याला एकदा टोकले, 'वर्तमानपत्र घरी वाचून येत जा.' तो 'जी सर' म्हणाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र नव्हते, पण तो तेथेच उभा होता, खिडकीबाहेर पाहत. तो दम घेत होता हे माझ्या लक्षात यावयास मला बरीच वर्षे लागली. तोपर्यंत तो निवृत्त होऊन गेला होता. त्याच्या दाव्यावर कोणता शेरा होता ते मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतः पडताळला होता. चित्रपट त्या एका वळणावर येऊन थांबला असता, तर मी निदान त्याला खुर्ची तरी दिली असती. कलेकडून आपण काय अपेक्षावे यावर पुष्कळ वाद आहेत. माझी अपेक्षा इतकी साधी आहे.

१९८९ च्या तडजोडीत कंपनीने ४७ कोटी डॉलर दिले. ते सुमारे पावणेसहा लाख लोकांत विभागले गेले, आणि बहुतेक जखमींच्या वाट्याला २५ हजार रुपये आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानंतर तेवढेच पुन्हा मिळाले. इजांचे वर्गीकरण चुकले, आकडे कमी धरले गेले, या मुद्द्यावर केंद्र शासनाने २०१० मध्ये उपचारात्मक याचिका केली. १४ मार्च २०२३ रोजी ती फेटाळली गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे दीर्घकालीन अभ्यास १९९४ मध्ये थांबले आणि त्यासाठीची स्वतंत्र संस्था भोपाळात २०१० मध्ये आली. मधली १६ वर्षे वाचलेल्या माणसांच्या छातीत काय चालले होते, याचे पद्धतशीर लेखन कोणी केले असेल तर ते प्रामुख्याने संभावना दवाखान्यासारख्या स्वयंसेवी ठिकाणी. म्हणजे शेवटानंतरचा भाग विज्ञानानेही सोडून दिला होता. एकट्या सिनेमावाल्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

मराठी वाचकाला येथे 'श्वास' आठवल्यावाचून राहणार नाही. संदीप सावंत यांचा २००४ चा हा चित्रपट, परशुराम नावाच्या मुलाचा, ज्याचे डोळे कर्करोगामुळे काढावे लागणार आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर नेतात, जग दाखवतात. शेवटी होडीतून गावाकडे परतणारा मुलगा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि किनाऱ्याकडे उमटणारी त्याची हाक. चर्चेत एकाने हा शेवटही 'सोयीचा' ठरवला. परशुराम पुढे शाळेत कसा गेला, आंधळ्या मुलाने कोकणातल्या घाटीवरून कसे चालावे, हे कुठे आहे, असा त्याचा सवाल होता. मला हे मान्य नाही. 'श्वास' ही गमावण्याची कथा आहे, बरे होण्याची नव्हे. गमावण्याच्या आधीच्या एका दिवसाला तिने न्याय दिला आहे, आणि शेवट होडी किनाऱ्याला लागण्यापूर्वी करून पुढचे सारे उघडे ठेवले आहे. तेथे पांढरी अक्षरे येत नाहीत. प्रेक्षक त्या मुलाला मनात घेऊन घरी जातो आणि त्याचे पुढे काय झाले असेल ही काळजी करीत राहतो. शेवट गाळतो काय यापेक्षा गाळलेल्या भागाची जाणीव ठेवतो की पुसून टाकतो, हा खरा प्रश्न आहे. त्याच वर्षीचा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे होता. स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषच्या कथेत बहिणीची दमछाक, औषधांची शिस्त, घरातील इतरांचा संकोच यांना जागा मिळाली. आजार जाणार नाही, त्याच्यासह राहावयाचे आहे, हे तेथे पराभव म्हणून सांगितलेले नाही.

भोपाळच्या बाबतीत हे धैर्य पडद्याने दाखवले नाही, कादंबरीने दाखवले. इंद्रा सिन्हा यांची 'अॅनिमल्स पीपल' २००७ मध्ये बुकर पुरस्काराच्या लघुयादीत होती. भोपाळाला तेथे खौफपूर म्हटले आहे. वायूने पाठीचा कणा वाकलेला, हातापायांवर चालणारा एक तरुण कथा सांगतो. तो शिवराळ आहे, वात्रट आहे, दयेला शिंगावर घेणारा आहे. अखेरीस अमेरिकेत शस्त्रक्रिया करून त्याला उभे करण्याची शक्यता निर्माण होते. येथे कोणताही चित्रपट त्याला उभा करील, पार्श्वसंगीतासह. सिन्हांचा नायक विचार करतो आणि नकार देतो. दोन पायांवर आल्यावर तो कुबड्यांचा वा चाकांच्या खुर्चीचा मिंधा होईल. चार पायांवर तो धावतो, चढतो. हा शेवट मला प्रथम वाचताना अतिरेकी वाटला होता. त्या लिपिकाची आठवण ताजी झाल्यावर पुन्हा वाचला तेव्हा तसा वाटला नाही. आपल्या मोडलेल्या शरीराचा हिशेब आपणच मांडावा, दुसऱ्याच्या नमुन्यात भरू नये, हा त्याचा हट्ट आहे. मात्र ही कादंबरी लाटांनी वाचकाला थोडी अधिकच भिजवते, शेवटच्या शंभर पानांत प्रसंगांची गर्दी होते, हेही नमूद केले पाहिजे.

'पण दाखवणार काय? रांगा?' असे त्या सभेत शेवटी कोणीतरी विचारले. दोनच उदाहरणे देतो, दोन्ही सर्वविदित. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन बायका वायुकांडानंतर शासकीय लेखनसामग्रीच्या कामावर लागल्या. एक पडद्यातली मुसलमान, एक हिंदू. दोघींच्या घरी मृत्यू आणि आजार. मजुरीच्या प्रश्नावर त्यांनी बायकांची संघटना बांधली आणि १९८९ मध्ये मुलाबाळांसह पायी दिल्ली गाठली. फुप्फुसे निकामी झालेल्या बायका भोपाळहून दिल्लीला चालत जातात, हे दृश्य अजून कोणी चित्रित केलेले नाही! २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभारला, जेथे पुढच्या पिढीतील अपंग मुलांवर उपचार होतात. दुसरे अब्दुल जब्बार. त्यांनी वायुग्रस्त बायकांना शिवणकाम शिकवणारे केंद्र चालवले, आणि वर्षानुवर्षे दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी बागेत बैठक भरवली. खैरात नको, रोजगार पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ते गेले. पद्मश्री मरणोत्तर मिळाली. त्या बागेतील शनिवार मोजले तर हजाराच्या पुढे जातील. घरातून कधी एकटी न निघालेली बाई पहिल्या शनिवारी मागे बसते, पन्नासाव्या शनिवारी उभी राहून बोलते, बोलता बोलता दम लागला की शेजारीण तिचे वाक्य पुरे करते. बरे होण्याचे हे असे टप्पे असतात.

२०२५ मध्ये आणखी एक शेवट झाला. कारखान्यात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ वाहनांतून पीथमपूरला नेला गेला आणि जूनअखेर तो जाळून झाला. वाहनांच्या त्या रांगेमागे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे धावत होते. रात्र होती, गाड्या होत्या, बंदोबस्त होता; चित्रणाला पुन्हा सर्व साहित्य जुळून आले होते. दूरदर्शन-संचासमोर बसलेल्या माझ्या नातवाने विचारले, 'म्हणजे आजोबा, आता संपलं ना?' मी त्याला कारखान्याच्या आवारातील मातीविषयी आणि आसपासच्या पाण्याविषयी सांगू लागलो. त्याने वाहिनी बदलली. त्याचे वय बारा आहे, त्याला दोष नाही.

जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. ती चर्चा तळमजल्यावरील खोलीत झाली, कारण वरच्या सभागृहाला रंग देणे चालू होते. ज्या निवृत्त शिक्षिकाबाईंचा उल्लेख वर आला, त्या आमच्या कार्यक्रमांना तीन वर्षांनी आल्या होत्या. निघताना मी त्यांना म्हटले, 'बाई, पुढच्या महिन्यात वर काव्यवाचन आहे, अवश्य या.' त्यांनी जिन्याकडे पाहिले आणि बघते म्हणाल्या. पुढील तिमाहीचे कार्यक्रम तळमजल्यावरच ठेवावेत. खुर्च्या कमी पडतील, पण भाड्याने मिळतात.